वाचकांचे प्रश्न : युरोपीय कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण आणि त्यापुढच्या वाटा

परदेशी कायदेशिक्षणाविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच विषयाभोवती फिरणारी होती, म्हणून हे सदर पूर्णपणे त्या विषयालाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. युरोपीय कायद्यात एलएल.एम. करावे असे मनात आहे. परंतु हा नेमका कोणाचा कायदा, तो त्या त्या देशाच्या कायद्याची जागा घेतो का, आणि केवळ या पदवीवर नोकरी मिळते का, हे समजत नाही.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पुढची सगळी उत्तरे त्यावरच उभी आहेत : केवळ या पदवीवर नोकरी बहुधा मिळत नाही. ही पदवी कशाच्या तरी जोडीला शोभणारी आहे. एखाद्या देशाच्या वकिलीच्या सनदेच्या जोडीला, दुसऱ्या एखाद्या युरोपीय भाषेच्या जोडीला, किंवा व्यापार, औषधनिर्माण, तंत्रज्ञान अशा एखाद्या क्षेत्रातील अनुभवाच्या जोडीला. जोड आधी ठरवून जो विद्यार्थी या अभ्यासक्रमाला जातो त्याला वर्ष पुरत नाही, आणि जो काहीच न ठरवता जातो त्याच्या हाती वर्षाच्या अखेरीस चांगली गुणपत्रिका असते, पण पुढे कोणाचे दार वाजवायचे हे माहीत नसते.

आता हा कायदा कोणाचा, याविषयी. अभ्यासक्रमाच्या नावात ‘युरोपीय कायदा’ असते तेव्हा बहुतेक ठिकाणी युरोपीय संघाचा कायदा अभिप्रेत असतो. १९५७च्या रोम कराराने आर्थिक समुदाय स्थापन झाला, १९९२मध्ये मास्ट्रिख्ट येथे संघाच्या करारावर सह्या झाल्या आणि १ डिसेंबर २००९पासून लागू झालेल्या लिस्बन कराराने आजची रचना आली. परंतु विषयाचा खरा गाभा या करारांच्या कलमांपेक्षा लक्झेंबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे संघाच्या न्यायालयाने, त्या कलमांतून काय काढले, यात आहे. १९६३च्या व्हॅन गेंड एन लोस खटल्यात एका डच वाहतूक कंपनीने जर्मनीहून एक रसायन आणले होते आणि त्यावर वाढीव सीमाशुल्क लावले गेले होते. करार जरी राज्यांनी आपापसांत केला असला तरी व्यक्ती आणि कंपन्या त्यातील हक्क आपल्याच देशाच्या न्यायालयात थेट मागू शकतात, असा निकाल त्यात लागला. मिलानच्या फ्लामिनिओ कोस्टा या वकिलांनी राष्ट्रीयीकरण झालेल्या वीज कंपनीचे १,९२५ लिरांचे बिल भरण्यास नकार दिला आणि त्या बिलातून १९६४मध्ये संघाच्या कायद्याचे राष्ट्रीय कायद्यावरील श्रेष्ठत्व प्रस्थापित झाले. इतक्या किरकोळ रकमेच्या भांडणातून इतका मोठा सिद्धांत निघाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

म्हणून तो राष्ट्रीय कायद्याची जागा घेतो का, याचे उत्तर असे की तो राष्ट्रीय कायद्याच्या आत राहून काम करतो. संघ करतो त्या कायद्यांपैकी ‘विनियम’ हा प्रकार सर्व सदस्य राष्ट्रांत जसाच्या तसा लागू होतो. ‘निर्देश’ या प्रकारामध्ये साध्य ठरवून दिलेले असते आणि साधनाची निवड त्या त्या राष्ट्राच्या कायदेमंडळावर सोपवलेली असते. खटलाही बहुतेक वेळा राष्ट्रीय न्यायालयातच चालतो. संघाच्या कायद्याच्या अर्थाविषयी शंका आली तर तेथील न्यायाधीश प्रकरण स्थगित ठेवून लक्झेंबर्गला प्रश्न पाठवतात, उत्तर येते आणि त्यानुसार निकाल तेथेच लागतो. या व्यवस्थेमुळेच कोणत्याही एका देशाची प्रक्रिया माहीत नसलेला युरोपीय कायद्याचा पदवीधर काहीसा अधांतरी राहतो, हे मघाच्या माझ्या विधानाचे कारण.

एक गल्लत मात्र प्रवेश-अर्जातच होते, ती टाळावी. युरोपीय परिषद म्हणजे संघातील राष्ट्रप्रमुखांची व शासनप्रमुखांची संस्था. संघाची परिषद म्हणजे खात्यांच्या मंत्र्यांची संस्था. आणि ‘कौन्सिल ऑफ युरोप’ ही स्ट्रासबर्गमधील ४६ राष्ट्रांची, संघापासून पूर्णपणे वेगळी संघटना. मानवी हक्कांचे युरोपीय न्यायालय या तिसरीच्या छत्राखाली चालते आणि ते १९५० साली सह्या झालेल्या मानवी हक्क कराराचा अर्थ लावते. ‘स्ट्रासबर्ग येथील युरोपीय संघाच्या मानवी हक्क न्यायालयात काम करण्याची माझी इच्छा आहे’ असे वाक्य हेतुपत्रात लिहिणाऱ्या अर्जदाराला त्या एका वाक्याची मोठी किंमत मोजावी लागते.

प्रश्न : नावाजलेल्या संस्था कोणत्या, आणि त्यांतून निवड कशी करावी?

ब्रुज येथील कॉलेज ऑफ युरोप हे १९४९ साली स्थापन झालेले, आणि संघाच्या संस्थांमध्ये त्याच्या माजी विद्यार्थ्यांचे जाळे सर्वांत दाट आहे. तेथील कायद्याचे अध्यापन इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत चालते आणि विद्यार्थ्यांनी वसतिगृहात एकत्र राहावे अशी तेथील पद्धत आहे. शिकण्याइतकेच महत्त्व या सहवासालाही आहे. फ्लॉरेन्सच्या युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूटचा पाया १९७२च्या कराराने घातला गेला आणि १९७६मध्ये तेथे प्रत्यक्ष अध्यापन सुरू झाले. ती मुख्यत्वे संशोधकांची संस्था आहे, तिची पीएच.डी. चार वर्षांची आहे आणि एक वर्षाचा एलएल.एम.ही तेथे करता येतो. ज्यांना अध्यापनाकडे वळायचे आहे त्यांनी फ्लॉरेन्सचा विचार आधी करावा, वकिलीकडे वळणाऱ्यांनी बहुधा नंतर. झारब्रुकेनची युरोपा-इन्स्टिट्यूट १९५१पासून आणि लायडनची १९५७पासून चालू आहे. याखेरीज लूव्हन, मास्ट्रिख्ट, आणि न्यायालयाच्याच शहरात असलेले, पण २००३ साली स्थापन झालेले तरुण लक्झेंबर्ग विद्यापीठ हेही विचारात घ्यावेत.

क्रमवारीचे तक्ते या विषयात फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण ते संपूर्ण विद्यापीठाचे असतात. त्यापेक्षा अभ्यासक्रमाची पाने उघडून दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, संघाच्या न्यायालयांपुढील प्रक्रिया हा स्वतंत्र विषय शिकवला जातो का. तो नसेल तर अभ्यासक्रम राज्यशास्त्राकडे झुकलेला आहे असे समजावे. दुसरी, स्पर्धा कायदा (बाजारातील मक्तेदारी व संगनमत रोखणारा), व्यापारी संरक्षण (डंपिंगविरोधी शुल्कासारखे), विदा-संरक्षण (वैयक्तिक माहितीचे, म्हणजे डेटाचे संरक्षण), करकायदा यांपैकी आपण जोड म्हणून ठरवलेल्या शाखेत किमान तीन विषय उपलब्ध आहेत का. वर्षाचे ६० श्रेयांक (क्रेडिट) असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते, तेव्हा सगळे मिळून १,५०० ते १,८०० तास होतात. एवढ्या तासांत सहा शाखांची तोंडओळख करून घेण्यापेक्षा एका शाखेत खोल उतरणे मला शहाणपणाचे वाटते. अभिरूप न्यायालयाची स्पर्धा उपलब्ध असेल तर ती कधीही सोडू नये. १९८८पासून चालत आलेल्या युरोपियन लॉ मूट कोर्टची अंतिम फेरी प्रत्यक्ष लक्झेंबर्गच्या न्यायालयात होते.

खर्चाबद्दल थोडक्यात सांगतो. संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून अनेक विद्यापीठे कित्येक पट शुल्क घेतात, तेव्हा शुल्काचे पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. संघाच्या इरास्मस मुंडस योजनेतील संयुक्त अभ्यासक्रमाची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा १,४०० युरो मिळतात आणि अध्यापन शुल्कही भरावे लागत नाही. मात्र या योजनेत निव्वळ कायद्याचे अभ्यासक्रम मोजकेच असतात. जर्मनीत व्हिसासाठी निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४पासून ती दरमहा ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो आहे.

प्रश्न : माझ्याकडे संघातील कोणत्याही देशाचे नागरिकत्व नाही. ब्रसेल्सच्या युरोपीय आयोगात (संघाच्या कार्यकारी यंत्रणेत) किंवा न्यायालयात मला नोकरी मिळू शकेल का? माहितीपत्रकांत ‘ब्रसेल्समधील कारकीर्द’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते.

कायमस्वरूपी अधिकारी म्हणून मिळणार नाही. संघाच्या सेवेत येण्याच्या स्पर्धा परीक्षांना बसण्यासाठी सदस्य राष्ट्राचे नागरिकत्व लागते, शिवाय संघाच्या २४ अधिकृत भाषांपैकी एकीवर प्रभुत्व आणि दुसरीचे समाधानकारक ज्ञान लागते. नागरिकत्वाच्या अटीला अपवाद करता येतो, पण तो नियमाने अपवादच आहे आणि त्यावर कोणी वर्षभराचा खर्च उभारू नये. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाच्या कार्यालयातील वकिलांच्या जागाही कौन्सिल ऑफ युरोपच्या सदस्य राष्ट्रांच्या नागरिकांसाठीच असतात. माहितीपत्रके खोटे सांगत नाहीत. ती कोणासाठी लिहिली आहेत एवढेच ती सांगत नाहीत.

उघडे असलेले दार अरुंद आहे, पण आहे. आयोगाची ‘ब्लू बुक’ प्रशिक्षणार्थी योजना मार्च आणि ऑक्टोबर अशी वर्षातून दोनदा सुरू होते, पाच महिने चालते, तिच्यात दरमहा विद्यावेतन मिळते आणि संघाबाहेरील नागरिकांसाठी मर्यादित जागा ठेवलेल्या असतात. त्या पाच महिन्यांत आयोगातील नोकरी पक्की होत नाही, पण फाइल कशी चालते, मसुदा किती हातांतून जातो आणि कोणत्या संचालनालयाचा शब्द कोठे चालतो, हे जे कळते त्याची किंमत पुढे खासगी कार्यालयांत आणि उद्योगसंघटनांत मिळते.

पदवीनंतर राहण्याच्या मुदतीचाही हिशेब आधीच करावा. २०१६च्या एका निर्देशानुसार शिक्षण संपलेल्या परदेशी विद्यार्थ्याला काम शोधण्यासाठी किमान नऊ महिने राहू देणे सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक आहे. डेन्मार्क आणि आयर्लंड मात्र त्या निर्देशाने बांधलेले नाहीत. नेदरलँड्समध्ये ही मुदत एक वर्षाची आणि जर्मनीत अठरा महिन्यांची आहे. दोन विद्यापीठांत निवड अडली असेल तर या मुदतीतील फरकाला शुल्काच्या फरकाइतकेच वजन द्यावे.

प्रश्न : मग ब्रसेल्समध्ये वकिली करता येईल का? मी चार वर्षे वकिली केली आहे.

येथे सनदेचा प्रश्न येतो. संघातील वकिलाला दुसऱ्या सदस्य राष्ट्रात स्वतःच्या मूळ पदनामाखाली कायम वकिली करू देणारा १९९८चा निर्देश आहे. तेथे तीन वर्षे प्रत्यक्ष आणि नियमितपणे त्या देशाच्या कायद्यासह काम केल्यावर स्थानिक वकिलांच्या वर्गात सामील होता येते. परंतु हा निर्देश सदस्य राष्ट्राचे नागरिकत्व आणि सदस्य राष्ट्राची सनद अशा दोन्ही गोष्टी असणाऱ्यांसाठी आहे. एलएल.एम. ही सनद नव्हे. जर्मनीत सनदेसाठी दोन राज्य परीक्षा द्याव्या लागतात आणि एक वर्षाची पदव्युत्तर पदवी त्यांची जागा घेऊ शकत नाही. काही देशांत परदेशी वकिलाला मर्यादित नोंदणी मिळते आणि तो आपल्या मूळ देशाच्या व आंतरराष्ट्रीय कायद्यावर सल्ला देऊ शकतो. संघाच्या कायद्यावर सल्ला देणे त्यात बसते की नाही, हे देशागणिक तपासावे लागते.

सनदेचे महत्त्व केवळ न्यायालयात उभे राहण्यापुरते नाही, हे कळण्यासाठी १९८२चा ए.एम. अँड एस. हा निकाल वाचावा. आयोगाच्या स्पर्धाविषयक चौकशीत वकील आणि अशील यांच्यातील पत्रव्यवहाराला गोपनीयतेचे संरक्षण मिळते, परंतु ते सदस्य राष्ट्रात वकिली करण्याचा अधिकार असलेल्या स्वतंत्र वकिलाच्या पत्रव्यवहाराला, असे न्यायालयाने त्यात म्हटले. आणि २०१०मध्ये ॲक्झो नोबेल प्रकरणात कंपनीच्या पगारी वकिलाला ते संरक्षण नाही हे पुन्हा स्पष्ट केले. कार्टेलच्या, म्हणजे कंपन्यांनी भावासाठी केलेल्या संगनमताच्या चौकशीत सापडलेली कंपनी आपली कागदपत्रे कोणाला दाखवील, याचा अंदाज यावरून बांधता येतो. ब्रिटन संघातून बाहेर पडण्याचे ठरल्यावर तेथील हजारो सॉलिसिटरांनी आयर्लंडमध्ये नोंदणी करून घेतली, त्यामागच्या कारणांत हेही एक होते.

असे असूनही मी आपल्याला निरुत्साही करणार नाही, कारण संघाबाहेरील वकिलाला अंगभूत फायदा असलेली एक शाखा आहे आणि तिच्याकडे फार कमी जण पाहतात. ती म्हणजे डंपिंगविरोधी शुल्काची, म्हणजे देशांतर्गत भावापेक्षा स्वस्तात निर्यात केलेल्या मालावर लावल्या जाणाऱ्या जादा शुल्काची, प्रकरणे. संघातील उत्पादकांनी तक्रार केल्यावर आयोग निर्यातदार देशातील कारखान्यांना प्रश्नावली पाठवतो. उत्तरासाठी किमान ३० दिवस मिळतात आणि त्या दिवसांत कारखान्याचा उत्पादनखर्च, देशांतर्गत विक्री, निर्यातविक्री हे सर्व व्यवहारनिहाय मांडावे लागते. जो सहकार्य करतो त्याचे शुल्क त्याच्या स्वतःच्या आकड्यांवरून ठरू शकते. जो करत नाही त्याचे शुल्क उपलब्ध माहितीवरून ठरते, आणि ती माहिती त्याच्या सोयीची असण्याचे काही कारण नसते. या कामाला कारखान्याची हिशेबपद्धती, त्याची भाषा आणि आयोगाची अपेक्षा या तिन्ही बाजू समजणारा माणूस लागतो. ब्रसेल्सच्या कार्यालयाला तो बाहेरूनच घ्यावा लागतो. शुल्क लागू झाल्यावर सामान्य न्यायालयात (‘जनरल कोर्ट’, लक्झेंबर्गमधील संघाचे कनिष्ठ न्यायालय) आव्हान देण्याची मुदत दोन महिन्यांची, आणि वर अंतरासाठी सरसकट दहा दिवसांची. अर्जदार लक्झेंबर्गमध्ये शेजारच्या गल्लीत राहणारा असला तरी त्याला अंतराचे दहा दिवस मिळतात, ही या न्यायालयाच्या नियमांतील माझी आवडती गंमत आहे.

प्रश्न : फ्रेंच शिकणे खरोखर आवश्यक आहे का?

न्यायालयाकडे वळणार असाल तर होय. लक्झेंबर्गमध्ये न्यायाधीशांची चर्चा आणि निकालांचे मसुदे फ्रेंचमध्ये होतात, आणि इंग्रजीत अनाकलनीय वाटणारे एखादे वाक्य फ्रेंच पाठ पाहिल्यावर उलगडते. आयोगाच्या आणि खासगी कार्यालयांच्या दैनंदिन कामात इंग्रजीवर भागते. जर्मनीत राहायचे असेल तर फ्रेंचच्या आधी जर्मन शिकावी.

प्रश्न : ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर लंडनमध्ये हा विषय शिकण्यात अर्थ उरला आहे का?

अध्यापनाचा दर्जा म्हणाल तर आहे. किंग्ज कॉलेजचे युरोपीय कायद्याचे केंद्र १९७४पासूनचे आहे आणि दीर्घ परंपरा एका सार्वमताने नाहीशी होत नाही. शिवाय ब्रिटिश कायद्यात राहून गेलेला संघाचा कायदा हा स्वतःच अभ्यासाचा विषय झाला आहे : २०२३च्या कायद्याने त्याचे श्रेष्ठत्व त्या वर्षाअखेर संपवले आणि २०२४च्या आरंभापासून त्याला नवे नावही दिले. परंतु लंडनची पदवी घेऊन ब्रसेल्समध्ये काम शोधणे आता संघाबाहेरून येऊन काम शोधण्यासारखेच आहे, आणि वर सांगितलेली नऊ महिन्यांची मुदत तेथील विद्यार्थ्याला मिळत नाही.

प्रश्न : मी एका निर्यातदार कंपनीच्या विधी विभागात दहा वर्षे आहे. वय चाळीसच्या जवळ आहे. आता हे शिक्षण उशिराचे ठरेल का?

आपले पत्र वाचून मला वाटले की आजच्या सर्व पत्रलेखकांत ही पदवी सर्वाधिक उपयोगी पडेल ती आपल्यालाच, कारण आपल्याकडे जोड आधीपासून आहे. संघाचा कायदा संघाच्या सीमेवर थांबत नाही. रसायनांविषयीच्या २००६च्या ‘रीच’ विनियमानुसार संघाबाहेरील उत्पादकाला स्वतः नोंदणी करता येत नाही; ती आयातदाराने करावी लागते, किंवा उत्पादकाने संघात नेमलेल्या एकमेव प्रतिनिधीने, आणि त्या प्रतिनिधीशी करावयाचा करार हे विधी विभागाचे नाजूक काम असते. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्या आयातीवरील कार्बन-समायोजनाची, म्हणजे उत्पादनातील कार्बन उत्सर्जनावर आकार लावण्याची, व्यवस्था १ जानेवारी २०२६पासून पूर्ण स्वरूपात लागू झाली आहे. विदा-संरक्षणाचा विनियम २५ मे २०१८पासून लागू आहे. संघातील व्यक्तींना माल किंवा सेवा देऊ करणाऱ्या संघाबाहेरील कंपनीलाही तो बांधतो आणि त्यातील दंडाची कमाल मर्यादा दोन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या चार टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती आहे. २०२३च्या मे महिन्यात आयर्लंडच्या नियामकाने मेटा कंपनीला १२० कोटी युरोंचा दंड केला तो याच विनियमाखाली.

आपल्यासाठी पूर्णवेळ वर्षापेक्षा अर्धवेळ अभ्यासक्रम बरा, आणि त्यात संस्थांच्या इतिहासाचे विषय कमीत कमी घ्यावेत. नोकरी मात्र सोडू नये, कारण या शिक्षणाचा भाव त्या नोकरीमुळेच आहे.

प्रश्न : प्रवेश मिळाला आहे. प्रबंधाचा विषय कसा शोधावा?

पुस्तकांतून शोधू नये, न्यायालयाच्या नोंदवहीतून शोधावा. लक्झेंबर्गला आलेल्या प्रत्येक प्रकरणात राष्ट्रीय न्यायालयाने विचारलेले प्रश्न अधिकृत राजपत्रात प्रसिद्ध होतात आणि ‘युर-लेक्स’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. निकाल अजून लागायचा आहे असा प्रश्न निवडला तर आपण कोणाच्या मागे चालत नाही. महाअधिवक्त्याचे (निकालापूर्वी न्यायालयापुढे स्वतंत्र मत मांडणाऱ्या, न्यायालयाच्याच सदस्याचे) मत आणि त्यानंतरचा निकाल ज्या प्रकरणांत वेगळे पडले आहेत, तीही सुपीक जागा आहे. मत मोकळेपणाने युक्तिवाद करते, निकाल अनेक न्यायाधीशांच्या सहमतीने लिहिलेला असतो, त्यामुळे काय गाळले गेले ते दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसते.

सध्याच्या विद्यार्थ्याला आणखी एक संधी आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून सहा ठरावीक विषयांतील राष्ट्रीय न्यायालयांचे प्रश्न वरिष्ठ न्यायालयाऐवजी सामान्य न्यायालयाकडे जाऊ लागले आहेत : मूल्यवर्धित कर, उत्पादनशुल्क, सीमाशुल्क संहिता, मालाचे शुल्कवर्गीकरण, प्रवाशांची नुकसानभरपाई आणि हरितगृह वायूंच्या उत्सर्जन परवान्यांचा व्यापार. हे विषय रुक्ष दिसतात, पण विमान तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचले तरी भरपाई मिळते हा २००९चा निकाल यांपैकीच एका विषयातला आहे. सामान्य न्यायालय वरिष्ठ न्यायालयाच्या जुन्या निकालांना किती चिकटून राहते, हे पाहण्यासाठी प्रकरणे अजून मोजकी आहेत आणि एका विद्यार्थ्याला एका सत्रात सगळी वाचून होण्यासारखी आहेत. वाचायला सुरुवात प्रश्नापासून करावी, उत्तरापासून नव्हे.